बुटातली जोडवी

इंदूमावशींच्या नाकावर आमच्या अख्ख्या कारखान्याचा भरवसा होता, आणि त्या नाकाला कसलाही वास येत नव्हता. हे फक्त दोघींना ठाऊक होतं, त्यांना आणि मला. दीडेक वर्ष आम्ही ते गुपचूप सांभाळलं. मी फटकळ आहे असं सगळे म्हणतात. खरंही आहे ते. पण फटकळ माणसाला कुठे गप्प बसायचं हे बरोबर कळतं, आणि मी तर त्यात पटाईत आहे.

आमचा कारखाना बटाट्याचे वेफर्स करतो. तळेगावच्या पुढे, सुदुंबऱ्याच्या रस्त्याला. बटाटे धुतले, सोलले, कापले की पांढरं पिठूळ पाणी निघतं. ते तसंच ओढ्यात सोडता येत नाही, म्हणून मागच्या अंगाला सांडपाण्याचा प्लांट आहे. तिथल्या उंच बंद टाक्यांमध्ये ते पाणी कुजतं आणि त्यातून गॅस निघतो. मी तिथली केमिस्ट. सकाळी लोणावळ्याहून लोकलने घोरावाडीला उतरायचं, तिथून कंपनीची बस, आणि मग दिवसभर कुजक्या पाण्याच्या बाटल्या तपासायच्या. माझ्या आईला अजून वाटतं की मी वेफर्सच्या चवीचं काहीतरी करते. मी तिला वाटू देते.

इंदूमावशी सुदुंबऱ्याच्याच. ठेंगण्या, वाळक्या, पन्नाशी उलटलेल्या. साडीवर कंपनीचा निळा शर्ट, डोक्यावर पिवळं हेल्मेट, आणि पायात काळे सेफ्टी बूट, तेही एक नंबर मोठे, कारण बायकांच्या मापाचे बूट स्टोअरने कधी मागवलेच नाहीत. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी कावीळ होऊन गेला. मुलगा संतोष देहूरोडला डेपोत कामाला. मावशी आधी वेफर्सच्या बाजूला झाडलोट करायच्या. प्लांटवर वासामुळे माणूस टिकत नसे. एकजण दुपारी जेवायला म्हणून गेला तो डबाही न्यायला परत आला नाही. मग कोणीतरी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "गोठ्यात वाडलेय मी. ह्यो वास शेनाचाच चुलतभाऊ हाय. चालंल मला."

आल्या आणि राहिल्या. पंप शिकल्या, व्हॉल्व्ह शिकल्या, ऑपरेटर झाल्या. त्या वेळी त्यांचं नाक खरोखर तिखट होतं. सकाळी फाटकातून आत शिरतानाच सांगायच्या, "आज टाकी रुसलीय. आंबूस येतंय." मी पाणी तपासायचे, आणि आम्ल वाढलेलं निघायचं. मी एम.एस्सी. झालेली, मला दोन तास लागायचे. मावशींचं काम फाटकातच व्हायचं. मला त्याचा राग यायचा, आणि कौतुक करायला जीभ वळायची नाही. साहेब लोकांना मात्र भारी मजा वाटायची. कोणी पाहुणा आला की प्लांट दाखवताना मावशींनाही दाखवायचे.

त्यांची एक सवय होती. कोणतीही गोष्ट त्या दोनदा विचारायच्या. पंप बंद केला का? केला. थोड्या वेळाने परत, पंप बंद केला का? मी एकदा वैतागून म्हटलं, "मावशी, आत्ताच सांगितलं ना?" तर म्हणाल्या, "दोनदा इचारलं की मानूस येकदा तरी खरं सांगतो." पाइपाला हात लावायच्या तो नेहमी बोटांच्या पाठीने, आई तापलेल्या पोराच्या कपाळाला लावते तसा. तळहात का नाही, तर तळहाताला घट्टे पडलेत, त्याला काही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि डबा खायच्या माझ्या लॅबमध्ये, कारण तिथे पंखा होता आणि बायकांच्या संडासाची किल्लीही तिथेच खिळ्याला असायची. अख्ख्या मागच्या बाजूला आम्ही दोघीच बायका.

मग ती तापाची साथ आली. सगळ्यांना ताप आला, मलाही आला, मावशींनाही. वास येणं बंद झालं, ते माझं पंधरा दिवसांत परत सुरू झालं. सगळ्यांचंच झालं.

मावशी कामावर आल्या, आणि तेव्हापासून मला जरा जास्तच मान देऊ लागल्या. टाकीपाशी जायचं असलं की म्हणायच्या, "म्याडम, चला की जरा. तुमी हितं हुबं ऱ्हावा." मी उभी राहायचे. त्या माझ्याकडे बघायच्या. मग, "आता ह्या बाजूला या." मी त्या बाजूला. परत माझ्याकडे बघायच्या, आणि मग जाऊन बरोबर व्हॉल्व्ह फिरवायच्या. मला वाटलं, आजारातून उठलेल्या आहेत, सोबत हवी असेल. खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं.

मग लॅबच्या फ्रिजमागे एक घूस मेली. तीन दिवस ती सापडेना. मी पदर नाकाला लावून काम करत होते, शिपाई दारातूनच परत जायचा. आणि मावशी फ्रिजशेजारी मांडी घालून बसल्या आणि ठेचा-भाकरी खाऊ लागल्या. शांतपणे, एकेक घास.

मी म्हटलं, "मावशी, वास येत नाही का तुम्हाला?"

"येतो की," त्या म्हणाल्या. पण आधी त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मी नाक कसं मुरडलंय ते पाहिलं, आणि मग उत्तर दिलं.

मला तेव्हाच कळलं. इतके महिने मला मान वगैरे काही नव्हता. मी तिथलं एक उपकरण होते. मी पदर काढला आणि म्हटलं, "कधीपासून?"

त्यांनी भाकरी खाली ठेवली. "तापापासनं. कामावर आले तवा मला वाटलं प्लांट बंद पडलाय. फाटकात हुबी ऱ्हायले, कायबीच न्हाई. म्हनलं, बंद केला वाटतं. मंग पंपाचा आवाज आला." थोड्या वेळाने म्हणाल्या, "सांगू नका म्याडम कुनाला. मला नाकासाठी ठेवलंय. घरी बसले तर मी संतोषची आई. हितं मी इंदूमावशी हाय."

मी म्हटलं, "आधी ती घूस शोधा." त्यांनी शोधली. फ्रिज ओढून, हातमोजे घालून, काहीच न वाटता उचलून बाहेर नेली. त्यानंतर टाकीपाशी मी आपण होऊनच उभी राहू लागले. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

त्याच वर्षी कारखान्यात मेंब्रेन आलं, गॅस गाळून वेगळा करणारं. तोवर आमचा गॅस चिमणीच्या टोकाला नुसता जळायचा. सरदेसाई साहेब म्हणजे आमचे प्लांट हेड. त्यांनी मनावर घेतलं की हा गॅस स्वच्छ करायचा आणि कंपनीच्या बस त्यावर चालवायच्या. मग एका पत्र्याच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर बसला, कोळशाची टाकी बसली, आणि स्टीलच्या लांब नळकांड्या बसल्या. शिकवायला पुण्याहून एक इंजिनिअर आला. गोरापान, बुटांना चिखल लागू नये म्हणून उड्या मारत चालणारा.

त्याने छान समजावलं, खोटं कशाला बोलू. टाकीतल्या गॅसमध्ये मिथेन असतो, तो जळतो, तो आपल्याला हवा. बाकीचा बहुतेक कार्बन डायऑक्साइड, तो जळत नाही, तो नको. शिवाय थोडा सडक्या अंड्याच्या वासाचा गॅस असतो. तो विषारी, शिवाय मशीन खातो. त्याला कोळशाच्या टाकीत आधीच पकडायचं. मग उरलेला गॅस दाबाने त्या नळकांड्यांत सोडायचा. एकेका नळकांडीत केसाएवढ्या बारीक पोकळ धाग्यांचे जुडगेच्या जुडगे. कार्बन डायऑक्साइड त्या धाग्यांच्या भिंतीतून बाहेर पाझरतो; मिथेनला ते जमत नाही, तो आतल्या आत सरळ पुढे जातो. पलीकडच्या टोकाला हवा तो गॅस मिळाला.

मावशींनी बोट वर केलं. "म्हंजी पायजे ते सरळ जातं, आन् नको ते भिंतीतनं पाझारतं. बरं. मंग ते नको ते जातं कुटं?"

"पाइपने छपराच्या बाहेर, मावशी."

"आन् त्यो पाइप सुटला तर? ते नको ते जातं कुटं?"

इंजिनिअर हसला. "अहो, सोड्याच्या बाटलीत असतो तोच गॅस. पेटत नाही तो."

"पेटत न्हाई ते कळलं. वर जातो का खाली बसतो?"

"जड असतो. खाली बसतो."

मावशींनी मान वर करून छपराकडे पाहिलं. गॅसचा अलार्म तिथे, आढ्यापाशी लावला होता. मिथेन हलका, तो वर जातो, म्हणून. इंजिनिअरने तेही समजावलं. मावशी "बरं" म्हणाल्या. मी तिथेच उभी होते आणि बसची वेळ झाली म्हणून घड्याळ बघत होते. सगळ्यांचं लक्ष हव्या त्या गॅसकडे होतं. नकोसा काय करतो याच्याशी कोणाला काय घेणं.

पुढच्या सोमवारी मावशींच्या बुटांकडे माझं लक्ष गेलं. नाडीत चांदीची जोडवी ओवलेली. डाव्या बुटाला दोन, उजव्याला दोन.

मी म्हटलं, "हे काय नवीन?"

"आमच्या घरात समद्यांची चांदी काळी पडती, मी घरी गेले की. कपड्याला गॅस लागतो ना. सून वराडती, आत्याबाई तुमी माजं पैंजन खाल्लं म्हनून." त्यांनी बूट पुढे केला. "सडक्या अंड्याचा गॅस असला की चांदीला कळतं. मला न्हाई कळत."

आमच्याकडे चांदीची अशी परीक्षा कुठल्या पुस्तकात सांगत नाहीत, पण रसायनशास्त्र चोख होतं. मला विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं. पण मला सुचलं नव्हतं, त्यांना सुचलं होतं. आता नवरा गेल्यावर बाई जोडवी घालत नाही. गावात बोलणारे बोललेच. कोणीतरी बसमध्ये टोकलं तर मावशी म्हणाल्या, "बोटात न्हाईत, बुटात हायेत. बग जवळ येऊन." सेफ्टी ऑफिसरनेही हटकलं, त्याला सांगितलं की नाडी सारखी सुटते, म्हणून अडकवलीत. दर सोमवारी सकाळी माझ्या बेसिनवर बसून त्या ती जोडवी टूथपेस्टने घासायच्या. पांढरीशुभ्र करून परत नाडीत.

मग डॉक्टरांचं प्रकरण आलं. मेंब्रेनमुळे आमचा प्लांट धोक्याच्या जागेत मोडू लागला, आणि तिथल्या प्रत्येक ऑपरेटरची वासाची तपासणी व्हायची असं ठरलं. कंपनीच्या डॉक्टरांनी लॅबला निरोप धाडला की चार ओळखीचे वास चार बाटल्यांत भरून ठेवा. म्हणजे मला.

आदल्या दिवशी मावशी लॅबमध्ये आल्या. काही मागितलं नाही त्यांनी. टेबल पुसायला घेतलं, जे पुसायची काही गरज नव्हती. मी बाटल्या भरत होते. मी मोठ्याने, स्वतःशी बोलल्यासारखी म्हणाले, "पहिलीत कापूर. दुसरीत लवंग. तिसरीत कॉफी. चौथीत हिंग." मग थोडं थांबून परत एकदा म्हणाले. दोनदा सांगायची पद्धत त्यांचीच. मावशी टेबल पुसून गेल्या.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनच्या मागच्या खोलीत तपासणी. मी दारात. मावशींनी पहिली बाटली हुंगली, "कापूर." दुसरी, "लवंग." तिसरी, जरा विचार करून, "कापी." चौथी नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. म्हणाल्या, "हिंग हाय डाक्टर, पन भेसळीचा हाय. मैदा लय घातलाय." डॉक्टर हसले, सर्टिफिकेटवर सही केली, आणि जाताना माझ्याकडून त्या हिंगाच्या दुकानाचं नाव विचारून घेतलं. बाहेर आल्यावर मी मावशींना म्हटलं, "एवढं नाटक कशाला?" त्या म्हणाल्या, "नुसतं बरोबर सांगितलं असतं तर त्यास्नी सौंशय आला असता."

हसलो आम्ही. त्या दिवशी खूप हसलो. आता मला ते हसू आठवतं, पण आतून काही हलत नाही.

शेडमध्ये एक खड्डा होता, माणसाच्या उंचीपेक्षा थोडा जास्त खोल. गॅसमधलं पाणी त्यात जमायचं आणि एक छोटा पंप ते उपसायचा. एका सोमवारी दुपारी तो पंप बंद पडला. गणेश फिटर आणि त्याचा जोडीदार शिडी घेऊन आले. मी रीडिंग घ्यायला तिथेच आलेली. शेडमध्ये शिरल्या शिरल्या मला अंड्याचा वास आल्यासारखा वाटला. मी थांबले. मग तो वास गेला. आढ्याचा अलार्म गप्प होता. कोळशाच्या टाकीनंतर अंड्याच्या वासाचा गॅस मोजणारं मीटर शून्य दाखवत होतं. गणेशने विचारलं, "मॅडम, उतरू का?"

मी म्हटलं, "उतर. काही नाहीये."

हे मी म्हटलं. दुसऱ्या कोणी नाही.

मावशी पलीकडून व्हॉल्व्ह बघून येत होत्या. खड्ड्याच्या काठाशी आल्या आणि नेहमीसारखं खाली बुटाकडे पाहिलं. सकाळीच घासलेली जोडवी काळी ठिक्कर पडली होती. गणेशचा एक पाय शिडीवर होता. मावशींनी त्याची कॉलर धरली आणि मागे ओढला, इतक्या जोरात की तो पाठीवर पडला. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "भाईर. समदे भाईर. म्याडम, तुमीबी." मग स्वतः मशीन बंद करून, दोन्ही दारं सताड उघडून शेवटी बाहेर आल्या.

शेजारच्या कारखान्यातून हातात धरायचं मीटर आणलं. दोरीला बांधून खड्ड्यात सोडलं. ते अर्ध्यावर गेलं नाही तोच कोकलायला लागलं. सेफ्टी ऑफिसरने वर ओढून आकडे पाहिले. खाली श्वास घेण्याजोगी हवाच नव्हती.

नंतर सगळं उलगडलं. मेंब्रेनमधून पाझरलेला नकोसा गॅस बाहेर नेणारा पाइप शेडच्या कोपऱ्यात जोडापाशी सुटला होता. कोळसाही संपला होता, म्हणून त्यात अंड्याच्या वासाचा गॅसही आला. आणि ते सांगणारं मीटर बिघडून शून्यावर अडकलं होतं. जड गॅस जमिनीवरून सरपटत खड्ड्यात भरला. आढ्यावरच्या अलार्मला त्याचा पत्ता नाही. आणि माझ्या नाकाचं म्हणाल, तर तो गॅस थोडा वाढला की आधी नाकच बधिर करतो. वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटतं. हे मी स्वतः शिकलेली आहे, परीक्षेत लिहिलेलं आहे.

कारखान्यात पेढे वाटले. मावशींचं नाक, मावशींचं नाक, असा एकच जप. गणेशच्या बायकोने येऊन पाया पडून साडी दिली.

तीन दिवसांनी मीटिंग होती. सरदेसाई साहेब, सेफ्टी ऑफिसर, डॉक्टर, मावशी आणि मी. सेफ्टी ऑफिसर रिपोर्ट वाचत होता. ऑपरेटरच्या तीव्र घ्राणशक्तीमुळे दुर्घटना टळली, असं पहिलं वाक्य. पुढे उपाय लिहिले होते: यापुढे खड्ड्यात उतरण्याआधी प्रमाणित ऑपरेटरने वास घेऊन परवानगी द्यावी. सरदेसाई साहेब म्हणाले, "झकास. मावशी, अजून दोघांना तयार करा तुमच्यासारखं."

मावशी म्हणाल्या, "सायेब, ते खोडा. मला वास न्हाई आला."

"म्हणजे?"

"मला वासच येत न्हाई. दोन वर्सं झाली. जोडवी काळी पडली म्हनून कळलं." त्यांनी बूट पुढे केला. "नाकावर नियम लिवला तर उद्या मी रजेवर असंन आन् गनेस मरंल. नाक न्हाई कामाचं तितं, चांगलं असलं तरी. मीटर लावा, खाली, जमिनीपाशी. मी पयल्या दिशीच इचारलं हुतं, नको ते जातं कुटं म्हनून."

मग डॉक्टर म्हणाले, "पण मी तपासलं होतं तुम्हाला. चारही बाटल्या बरोबर ओळखल्या होत्या."

मावशी म्हणाल्या, "अंदाजानं सांगितल्या."

"चारही?"

"चारीबी."

"हिंग भेसळीचा आहे हेसुद्धा?"

"हिंग कुटं आता शुद्ध मिळतो," मावशी म्हणाल्या.

डॉक्टर माझ्याकडे वळले. बाटल्या लॅबने भरल्या होत्या, हे त्यांना आठवत होतं. त्यांनी काही विचारलं नाही, नुसतं पाहिलं. मी तोंड उघडलं नाही. टेबलाच्या कडेचा सनमायका उचकटलेला होता, त्याचा कोपरा मी नखाने वर करत होते आणि परत बसवत होते. मला भीती वाटली, यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही. भीती पण तेवढ्यापुरतीच. नंतर काहीच वाटेना. आजही त्या मीटिंगचं नाव काढलं की मला आधी तो सनमायका दिसतो, मग माणसं.

ते वाक्य खोडलं गेलं. जमिनीपासून वीतभर उंचीवर चार अलार्म लागले. प्रत्येक फिटरच्या खिशाला छोटं मीटर आलं. आणि मावशी कंत्राटावर होत्या, त्यामुळे त्यांना कोणी काढलंही नाही. एका सकाळी गेटवर त्यांचं कार्ड लागेना. लाल दिवा. त्यांनी परत लावलं. परत लाल. वॉचमन म्हणाला, मावशी, ऑफिसात विचारा. त्यांनी स्टोअरमध्ये बूट जमा केले, जोडवी नाडीतून काढून पिशवीत टाकली आणि स्टोअरवाल्याने दिलेल्या कागदावर सही केली. हे मला वॉचमनने सांगितलं. मी त्या वेळी लॅबमध्ये होते, गेटपासून हाकेच्या अंतरावर.

मी बरेच महिने गेले नाही. रोज सुदुंबऱ्याच्या रस्त्यावरून बस यायची आणि मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसायचे. मग एका रविवारी गेले. मुद्दाम लोणावळ्याहून, हातात चिक्कीचं पुडकं. दुसरं काय न्यायचं ते सुचलं नाही.

घर पत्र्याचं, समोर म्हैस. मावशींनी "या म्याडम" म्हटलं, चटई टाकली, पाणी दिलं. थोड्या अजून वाळल्या होत्या. संतोष आणि सून बाजाराला गेली होती. चिक्की त्यांनी दिवळीत ठेवली.

"खालचं मीटर वाजतंय का?" त्यांनी विचारलं.

"वाजतं कधी कधी."

"वाजलं की पोरं थांबत्यात का?"

"थांबतात."

"थांबत्यात ना?"

"हो मावशी, थांबतात."

"मंग झालं."

म्हैस शेपूट आपटत होती. मी म्हटलं, "मावशी, मी साहेबांना सांगणार आहे. बाटल्यांचं. मी तुम्हाला सांगितल्या होत्या म्हणून."

"कशाला?"

"कारण ते खरं आहे."

"आन् तुमालाबी काडून टाकलं म्हंजी? तुमच्या जागी येनारा नवा मानूस ती मीटरं तपासंल व्हय? का शून्यावर अडाकली तरी बगत बसंल?" त्या उठल्या. "काय सांगू नका. तितं ऱ्हावा, आन् दर सोमवारी मीटरं तपासा. येवडं करा."

मी म्हटलं, "तुम्हाला राग नाही आला माझा?"

"आला की. हायेच." साध्या आवाजात म्हणाल्या, भाजीचा भाव सांगावा तशा. "नोकरीचा न्हाई. ती जानार हुती, मला ठावं हुतं, म्हनूनच बोलले. पन मीटिंगीत तुमी येकदा तरी मान वर करून माज्याकडं बगायचं हुतं. मी दोनदा बगितलं तुमच्याकडं."

मी पाण्याचं भांडं उचलून परत चटईवर ठेवलं.

आत त्यांनी दूध तापत ठेवलं होतं. करपलं तर नाकाला कळत नाही, म्हणून दूध तापेस्तोवर त्या चुलीपासून हलत नाहीत, असं म्हणत त्या आत गेल्या. मी उंबऱ्याशी आले. त्या पातेल्यासमोर उभ्या होत्या, हातात फडकं, नजर दुधावर.

मी म्हटलं, "येते मी, मावशी."

"या," त्या म्हणाल्या. मान वर केली नाही.